दातातले अकरा दिवस

अबोलीचे वरचे पुढचे दोन दात एकदाचे आले, आणि पिवळे आले.

अगदी हळदीसारखे नव्हेत. पण आजूबाजूच्या दुधाच्या दातांच्या शुभ्र रांगेत ते दोघे चारदा धुतलेल्या चादरीच्या रंगाचे दिसत होते. केतकी माळवदेने पोरीचा ओठ अंगठ्याने वर धरून ते आधी खिडकीच्या उजेडात पाहिले, मग ट्यूबखाली पाहिले, मग मोबाईलची बॅटरी लावून पाहिले. उजेड बदलला, रंग बदलेना.

"आई, सोड की आता. लाळ गळतीय," अबोली म्हणाली.

केतकीने ओठ सोडला. शिवणयंत्रावर शाळेच्या गणवेशाचा शर्ट अर्धवट पडला होता. तिने पायपट्टीवर पाय ठेवला, पण लक्ष भिंतीकडे होतं आणि सुई आपली आपणच दोन टाके पुढे गेली. समोरच्या भिंतीवर शाळेचा निरोप चिकटवलेला होता. गुरुवारी दुसरीच्या वर्गाला चोच लागणार होती.

चोच म्हणजे काय, ते तांबखडी गावात आता पाळण्यातल्या पोरालाही कळत होतं. सात-आठ वर्षांपूर्वी एका आमदारांनी सभागृहात विचारलं होतं की खेड्यातल्या मुलांचे दात पिवळे का दिसतात. या प्रश्नाचं उत्तर अर्ध्या पानाचं होतं. पण अर्ध्या पानावर सरकार चालत नाही, म्हणून समिती नेमली गेली. समितीने नऊशे पानं लिहिली आणि शेवटच्या पानावर एक यंत्र सुचवलं. यंत्र आल्यावर ते कशाला तरी वापरायला हवं, म्हणून 'सुदंत बालक अभियान' निघालं. यंत्राचं खरं नाव बावीस अक्षरी होतं. त्याचं पुढचं टोक चिमणीसारखं होतं आणि दाताला टेकलं की 'टक्' वाजायचं, म्हणून पोरं त्याला चोच म्हणत.

चोच दाताचा रंग बघत नव्हती. चोच दात वाचत होती. पहिल्या सहा महिन्यांत हा फरक कुणाच्या लक्षात आला नाही, आणि लक्षात आला तोवर गावातली तीन मुलं जिल्ह्याच्या संगोपन निवासात गेली होती.

*

डॉ. बेंद्र्यांचा दवाखाना औषधांच्या दुकानावर पहिल्या मजल्यावर होता. डॉक्टर सत्तरीचे होते आणि पेशंटला औषध न देता घरी पाठवायचे, त्यामुळे त्यांच्यावर गावाचा फारसा विश्वास नव्हता.

"पिवळे आहेत, कारण कायमचा दात मुळात पिवळसरच असतो," ते अबोलीच्या तोंडात बघत म्हणाले. "वरचं आवरण, इनॅमल, ते काचेसारखं. आतलं डेंटिन पिवळं. दुधाच्या दाताचं आवरण दुधी काचेचं, आतलं झाकून टाकतं. नव्या दाताची काच स्वच्छ, आतलं दिसतं. शेजारी शुभ्र दात म्हणून हा जास्त पिवळा वाटतो, एवढंच. चार वर्षांनी सगळे बदलले की कुणाच्या लक्षातही राहणार नाही."

"म्हणजे काळजी नाही?"

"तसं कुणाच्या विहिरीत फ्लोराइड असतं, कुणी घासतच नाही, कुणाला जन्मतः कावीळ झालेली असते. हिचं यातलं काही नाही. पोरगी खणखणीत आहे. काय गं, काय खातेस?"

"शेंगदाण्याची चटणी," अबोली म्हणाली.

"मग तर दगड फोडशील."

केतकी हसली नाही. तिने अबोलीला बाहेरच्या बाकावर बसवलं, दार लोटलं आणि विचारलं, "डॉक्टर, ती चोच कुठल्या दिवसापासूनचं वाचते?"

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. हा प्रश्न विचारणारी ती त्या आठवड्यातली चौथी आई होती.

"तुम्ही शिवणकाम करता ना? मग सोपं आहे. दात हिरडीच्या आत घडत असतो तेव्हा इनॅमलचा रोज एक थर बसतो. केसाच्या विसाव्या भागाइतका. रोज एक, मशीनच्या टाक्यासारखा. मूल ठणठणीत असलं की टाका सरळ. ताप आला, उपास घडला, फार घाबरलं, की त्या दिवशीचा टाका ओढला जातो आणि तिथे काळी रेघ उमटते. एकदा बसलेला टाका उसवता येत नाही. हाडं आयुष्यभर बदलत राहतात, इनॅमल बदलत नाही. म्हणून चोच तारखेनिशी सांगते."

"आणि दूध? लोक म्हणतात दूधही कळतं."

"कळतं. आईचं दूध, बाटलीचं दूध, भाताची पेज, प्रत्येकात बेरियमचं प्रमाण वेगळं. ते त्या त्या दिवसाच्या थरात जाऊन बसतं. बाळ कुठल्या दिवशी काय प्यालं आणि किती प्यालं, सगळं त्यात असतं."

"पण ती तर तेव्हा बाळ होती. हे दात आत्ता आलेत."

"आत्ता आलेत, घडलेत तेव्हाच. वरचे पुढचे दात तिसऱ्या-चौथ्या महिन्यात घडायला लागतात, आणि धारेपासून सुरुवात होते. हिरडीतून जे टोक पहिल्यांदा बाहेर डोकावतं ना, ते सगळ्यात जुनं." डॉक्टरांनी चष्मा पुन्हा चढवला. "बारा वर्षांची झाल्यावर जी दाढ येईल, ती आज घडते आहे. तेव्हा पोरीसमोर असं तोंड करून बसू नका."

केतकी जिना उतरली. मनातल्या मनात ती महिने मोजत होती. अबोली मार्चची. मार्च, एप्रिल, मे, जून, जुलै, ऑगस्ट. पाचवा महिना. धारेजवळच.

*

दोन हजार छत्तीस सालच्या ऑगस्टमध्ये केतकी घर सोडून गेली होती.

नवरा निखिल तेव्हा कच्छमध्ये पवनचक्क्यांच्या पात्यांवर चढून दुरुस्ती करत होता. घरात सासूबाई, म्हणजे आक्का, होत्या. खालच्या मजल्यावर मोठे दीर आणि जाऊ रेवती होती. रेवतीचा वेदांग अबोलीहून पंचवीस दिवसांनी मोठा. अबोली रडायची. सकाळी रडायची, दुपारी रडायची, दोन्ही रडण्यांच्या मध्ये सराव करायची. केतकी तीन आठवडे झोपली नव्हती. एका सकाळी कापड कापता कापता तिचं लक्ष हातातल्या मोठ्या कात्रीकडे गेलं आणि मग पाळण्याकडे गेलं. ती काही करणार नव्हती. पण आपण काही करणार नाही, हे स्वतःला सांगावं लागलं, याचीच तिला इतकी भीती वाटली की तिने कात्री पाण्याच्या हौदामागे टाकली, दारात होत्या त्या चपला पायात घातल्या आणि ती एसटी स्टँडवर गेली. इचलकरंजीच्या एका कारखान्यात तिने अकरा दिवस शर्टांच्या कॉलरी शिवल्या. बाराव्या दिवशी ती परत आली.

आक्कांनी दार उघडलं. "आलीस? हातपाय धू. बाटलीवर राहिली पोर. गुणाची आहे," एवढंच म्हणाल्या. गावाला त्यांनी सांगितलं की केतकीचे वडील आजारी होते, ती माहेरी गेली होती. निखिलला फोनवर सांगितलं की केतकीचा मोबाईल हौदात पडला. हे खरं होतं. आक्कांनीच टाकला होता.

चार वर्षांपूर्वी आक्का वारल्या. आता ते अकरा दिवस फक्त दोन ठिकाणी होते, केतकीच्या डोक्यात आणि अबोलीच्या दातात.

अभियानाचा नियम साधा होता. पहिल्या वर्षात दहा दिवसांहून अधिक मातृदुग्धात खंड किंवा घट आणि सोबत काळी रेघ, म्हणजे हेळसांड. हेळसांड म्हणजे पिवळं कार्ड. पिवळं कार्ड म्हणजे मूल सहा महिने संगोपन निवासात. रविवारी दोन तास भेट. तोडकरांचा सोहम मे महिन्यात तिथून परत आला होता. दात पांढरेशुभ्र झाले होते, वजन चार किलो वाढलं होतं. त्याच्या आईने पेढे वाटले. पण स्वतःच्या घरात पाणी प्यायचं असलं की सोहम आधी हात वर करायचा, आणि कुणी 'पी' म्हणेपर्यंत माठाशेजारी उभा राहायचा.

*

बुधवारी दुपारी अबोली शाळेतून आल्यावर केतकीने शिवणाच्या खोलीचं दार आतून लावून घेतलं. हातात कात्रीला धार लावायची बारीक कानस होती.

"बस. आ कर."

"परत?"

"दाताला थोडं टोक आहे. ओठाला लागेल. घासून देते."

अबोली खुर्चीवर चढून बसली आणि तिने तोंड उघडलं. एकदाही विचारलं नाही की टोक कुठे आहे. डोळे मिटून, पाय हलवत बसली. केतकीने कानस धारेवर टेकवली. किती घासायचं? केसाचा विसावा भाग म्हणजे एक दिवस. अकरा दिवस म्हणजे अर्ध्या केसाहून थोडं जास्त. पण धारेपासून ते अकरा दिवस किती खाली आहेत? महिनाभर? दीड महिना? तिने एकदा हात ओढला. खर्रर असा आवाज तिच्याच कवटीत घुमला.

"आई, गुदगुल्या होतायत," अबोली तोंड उघडं ठेवूनच म्हणाली.

केतकीने कानस खाली ठेवली. मग ती उचलून खिडकीतून लांब फेकली. सात वर्षांत दुसऱ्यांदा तिने धारेची वस्तू घराबाहेर टाकली होती आणि दोन्ही वेळा समोर हेच पोर होतं.

"झालं?"

"झालं. टोक नव्हतंच."

खालून रेवतीच्या कुकरच्या शिट्ट्या ऐकू येत होत्या. दोघी जावांचं अकरा महिने बोलणं नव्हतं. कारण होतं गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीचं झाकण. ते कुणी उघडं टाकलं, हे अजून सिद्ध व्हायचं होतं.

*

गुरुवारी शाळेच्या व्हरांड्यात सगळे आईबाप नवे कपडे घालून बसले होते, जणू कपड्यांचीही तपासणी होती. निखिल केतकीशेजारी बसून मोबाईलवर वाऱ्याचा वेग बघत होता. त्याला कसलीच काळजी नव्हती. रेवती दोन खुर्च्या सोडून बसली होती. तिचा नवरा साखर कारखान्यात कामाला होता, तो आला नव्हता.

तपासणी समोरच्याच वर्गात, दार उघडं ठेवून, कुरणे मॅडम करत होत्या. तिशीच्या, सात महिन्यांच्या गरोदर, आवाज मऊ. त्या प्रत्येक मुलाला आधी चोचीची गंमत दाखवायच्या.

अबोलीने आ केला. टक्. टक्. दोन मिनिटं यंत्र गुणगुणलं आणि पडद्यावर दाताचं चित्र आलं. हजारो बारीक रेघा, एकीखाली एक, जसं काही कुणी ओळ न चुकता टीप मारत गेलं आहे. केतकीने डोळे मिटले.

"अरे वा," कुरणे मॅडम म्हणाल्या. "शहाण्णव गुण. मातृदुग्ध अखंड, अकरा महिने. एकही दिवस खंड नाही. हिरवं कार्ड. शाळेत पहिली आहे तुमची मुलगी."

निखिलने मोबाईल खिशात ठेवून आजूबाजूला पाहिलं, लोक ऐकतायत ना याची खात्री केली. केतकी पडद्याकडे बघत राहिली. ऑगस्टच्या थरात, चौदा तारखेपासून चोवीस तारखेपर्यंत, टाके सरळ होते. बाटली नव्हती. पेज नव्हती. आईचं दूध होतं, आणि आई तर इचलकरंजीला कॉलरी शिवत होती.

तिला कळेना. यंत्र चुकलं असेल. यंत्र चुकतं, असं कागदावर कुठेही नव्हतं.

"वेदांग माळवदे," मॅडमनी पुकारलं.

रेवती उठली. टक्. टक्. यंत्र गुणगुणलं, थांबलं, पुन्हा गुणगुणलं. मॅडमचा मऊ आवाज थोडा खाली गेला.

"इथे एक रेघ आहे. सहाव्या महिन्यात दूध एकदम निम्म्यावर आलंय. वरचं काही दिलेलं दिसतंय, पण ते त्याला पचलेलं नाही. जुलाब, अशक्तपणा. अकरा दिवस. चौदा ऑगस्ट ते चोवीस ऑगस्ट."

 त्या तारखा केतकीला पाठ होत्या.

"काय झालं होतं तेव्हा?" मॅडमनी विचारलं.

"माझं दूध आटलं होतं," रेवती म्हणाली.

"आणि पंचवीस तारखेला परत आलं?"

"आलं."

मॅडमनी तिच्याकडे पाहिलं, मग पडद्याकडे पाहिलं, मग पिवळं कार्ड काढलं. "काही म्हणणं असेल तर पाचपर्यंत मांडता येईल. नाहीतर सोमवारी गाडी येईल. दोन जोड कपडे द्या. खेळणी चालत नाहीत."

वेदांगने कार्ड हातात घेऊन वास घेतला. "पिवळं मस्तय," तो अबोलीला म्हणाला. "तुझं हिरवं बघ, गवतासारखं."

*

केतकीने रेवतीला शाळेच्या नळाजवळ गाठलं. रेवती तोंडावर पाणी मारत होती.

"ताई, तुम्ही पाजलंत तिला."

"रडत होती," रेवती म्हणाली. "बाटली तोंडात धरेना. आक्का दिवसभर चमच्याने पाजत बसायच्या, ती ओकायची. मग मी घेतली. दोघांना पुरत नव्हतं. माझा आडदांड होता, म्हटलं, तो काढेल चार दिवस. चाराचे अकरा झाले."

"आक्कांनी तुम्हाला सांगितलं होतं ना मी माहेरी..."

"आक्कांना खोटं बोलता येत होतं होय? आणि तू माझ्या चपला घालून गेली होतीस. माहेरी कुणी जावेच्या चपला घालून जातं? आलीस तेव्हा पुसून ठेवल्यास, म्हणून गप्प बसले."

"मी मॅडमना सांगते."

"काही नको सांगूस. सांगितलंस तर तुझं पोर 'सोडून दिलेलं' म्हणून जाईल आणि माझं तर गेलेलंच आहे. एक जातंय, दोन कशाला घालवायची?" रेवतीने पदराने तोंड पुसलं.  दोन्ही हात तिने नळाच्या तोटीवर घट्ट दाबून धरले. "फक्त एक सांग. सोहम पाण्याला हात वर करतो, ते खरंय का गं?"

 केतकी वळून वर्गाकडे चालू लागली. वीस पावलांचं अंतर होतं. चौदाव्या पावलाला तिला वाटलं परत फिरावं, पंधराव्याला पायच उचलेना. वर्गाच्या दारात निखिल दोन्ही मुलांना बाकावर बसवून चोचीचा आवाज काढून दाखवत होता.

"मॅडम, ते अकरा दिवस मी घरात नव्हते," केतकी म्हणाली. "मी माझ्या मुलीला टाकून गेले होते. तिला रेवतीताईंनी दूध पाजलं, म्हणून त्यांच्या मुलाला कमी पडलं. रेघ त्याच्या दातात आहे. ती माझी आहे."

निखिलचा 'टक्' तोंडातच राहिला. मग तो म्हणाला, "आक्का म्हणाली, मोबाईल हौदात पडला."

"पडला होता."

 त्याने अबोलीच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो तिथेच राहू दिला.

कुरणे मॅडमनी पडद्यावर बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं. "यात असा रकानाच नाही," त्या शेवटी म्हणाल्या. "एक मूल, एक आई. 'दुसऱ्या बाईने पाजलं' असं कुठे नाही. तुमचं म्हणणं लिहिलं तर मुलीच्या कार्डावर 'परित्याग' येतं. मुलाचं पिवळं तसंच राहतं. दोघंही जातील."

रेवती दारात येऊन उभी होती. 

मॅडमनी उठून दार लोटलं. पुन्हा बसताना त्यांनी पोटाखाली हात धरला. "एक रकाना आहे," त्या हळू म्हणाल्या. "जुळी. जुळ्यांत दूध वाटलं जातं, तेव्हा यंत्र दोघांचं मिळून मोजतं. एक्याण्णव येतात. दोन्ही कार्डं हिरवी."

"पण ही जुळी नाहीत," निखिल म्हणाला. "पंचवीस दिवसांचं अंतर आहे."

"यंत्र दुधाच्या तारखा जुळवतं. जन्मातलं अंतर विचारत नाही. पण जुळ्यांना आई एकच लागते. त्या अकरा दिवसांत दूध ज्यांचं, त्या. मुलीच्या कार्डावर तुमचं नाव राहणार नाही. शाळेत, दवाखान्यात, सगळीकडे. तुम्ही काकू. आणि ते परत बदलता येत नाही."

केतकीने रेवतीकडे पाहिलं. रेवतीने मान हलवली; नको म्हणून की घे म्हणून, ते कळलं नाही. तिलाही ठाऊक नसावं.

"तुम्ही हे का करताय?" केतकीने मॅडमना विचारलं.

"माझ्या बाळाला अजून दात यायचेत," कुरणे मॅडम म्हणाल्या आणि पडदा तिच्यापुढे सरकवला.

केतकीने अंगठा टेकवला. अकरा दिवसांसाठी टाकलेली मुलगी तिने दुसऱ्यांदा सोडली. या वेळी ती घरीच राहावी म्हणून. यंत्र 'टक्' वाजलं.

*

घरी येताना निखिल पुढे चालत होता, मुलं मध्ये, दोघी जावा मागे. गल्लीच्या तोंडाशी तो थांबला, दोघी जवळ येईपर्यंत थांबून राहिला आणि मग केतकीच्या बरोबरीने चालू लागला. 

जिन्यापाशी रेवती म्हणाली, "कागदावरच ना? जेवायला वरच पाठवेन तिला. रात्री झोपायलाही."

"हं."

"आणि टाकीचं झाकण मीच उघडं ठेवलं होतं."

अबोली हिरवं कार्ड वाचत पायरीवर बसली होती. तिला नुकतंच जोडाक्षर वाचता येऊ लागलं होतं. "आई, इथं आई म्हणून मोठ्या काकूंचं नाव छापलंय," ती म्हणाली. "चुकलंय. मॅडमना सांगायचं?" तिचा खालचा ओठ वळायला लागला होता. सोहम वर्गात पाणी प्यायला कसा हात वर करतो, हे तिने रोज पाहिलं होतं. "मला नेणार का?"

 चोच सहा महिन्यांनी पुन्हा येणार होती, त्यानंतर पुन्हा. आणि बाराव्या वर्षी येणारी दाढ हिरडीच्या आत, अंधारात, याच क्षणी आजचा टाका घालत होती.

ती पायरीवर बसली, पोरीला मांडीवर ओढलं आणि होतं नव्हतं तेवढं बळ लावून चेहरा सरळ केला.

"कुणी नेत नाही. तुला दोन आया मिळाल्या, वेदांगला एकच," ती म्हणाली. "आता ओरडायला दोघी, तुझं काही खरं नाही."

अबोलीने तिच्या तोंडाकडे नीट पाहिलं, ओठ वर करून दात बघावेत तसं. केतकी हसत राहिली. पोरगी हसेपर्यंत ती हसत राहिली, आणि ते दोन पिवळे दात दिसले तेव्हाच तिने श्वास सोडला.